आधी हाक तू मारायचीस

माझी आई चौतीस वर्षं एका शाळेत डोकी दुरुस्त करायची. हे शब्द माझे नाहीत, शाळेतल्या पोरांचे आहेत. दारावर 'शालेय मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी होती, पण मधल्या सुट्टीच्या गडबडीत एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? पोरं तिला डोकेबाई म्हणायची. ते तिच्या कानावर होतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र फार वाटायचं.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारखिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, आलं ते गढूळ आहे, शेजाऱ्याने पंप लावून सगळं ओढून घेतलं, हे मी दिवसभर ऐकते, वहीत उतरवते आणि तक्रार क्रमांक देते. तेव्हा लोकांची गाऱ्हाणी ऐकणं हा आमच्या घरचा धंदाच म्हणायचा. फरक इतकाच की माझ्याकडे सगळं लिहिलं जातं आणि काही सुटत नाही, तिच्याकडे काही लिहिलं जायचं नाही आणि पुष्कळ सुटायचं म्हणे. म्हणे, कारण मला ते कुणी कधी येऊन सांगितलं नव्हतं. ते एकदा तरी कुणीतरी सांगावं, या हट्टापायी मी ती गेल्यावर जो घोळ घातला, तो सांगायला बसले आहे. आईचं कौतुक वाचायला मिळेल म्हणून कुणी पुढे वाचणार असेल तर त्याने इथेच थांबलेलं बरं.

तिची खोली तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या पलीकडे, जिन्याखाली होती. छत एका बाजूला उतरत गेलेलं, त्यामुळे वरच्या वर्गातली उंच पोरं आत शिरताना हमखास कपाळ आपटून घ्यायची. त्या एवढ्याशा खोलीला दोन दारं होती. एक व्हरांड्यात उघडायचं आणि दुसरं मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ. मूल पुढच्या दाराने आत यायचं आणि मागच्या दाराने बाहेर जायचं. जाणाऱ्याला येणारा दिसता कामा नये, म्हणून. त्या दुसऱ्या दारासाठी ती तीन वर्षं भांडली. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाई, खोली केवढी आणि दारं दोन? चोर पकडायचेत की काय?" ती म्हणाली होती, "नाही सर, सोडायचेत." दार झालं. बिजागरी करकरू नये म्हणून दर सोमवारी ती त्यात शिवणयंत्राचं तेल घालायची. शिवण तिला अजिबात जमायची नाही, यंत्राला तेल मात्र भरपूर लागायचं, याचं बाबांना कोडं पडलेलं असायचं. बाबा जमिनी मोजायच्या कामावर. महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. घरात आम्ही दोघीच.

टेबलावर तिच्या एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बारा पेन्सिली, बाराच्या बारा बोथट. शेजारी शार्पनर आणि एक रिकामी वाटी. मूल येऊन बसलं की ती काही विचारायची नाही. डबा पुढे सरकवायची आणि म्हणायची, "जरा टोक करून देतोस का?" तिचं म्हणणं असं की टोक करताना मुलाची नजर आपल्या हातावर असते, समोरचा माणूस त्याच्याकडे बघतोय असं त्याला वाटत नाही, आणि मग तोंड आपोआप उघडतं. एखादं मूल एका पेन्सिलीत मोकळं व्हायचं. एखादं बारा पेन्सिली संपवून, वाटी भरून, एक अक्षर न बोलता निघून जायचं. ती म्हणायची, "हरकत नाही. पुढच्या आठवड्याला बोलेल."

आता पेन्सिली रोज बोथट कुठून आणायच्या? तर ते काम माझं. संध्याकाळी ती डबा घरी घेऊन यायची आणि मी मागच्या दगडी पायरीवर बसून एकेक टोक घासून मोडायचे. पाचव्या वर्षापासून मी ते केलं. मला तो खेळ वाटायचा. बारा पेन्सिली, एका दमात. हात काळे व्हायचे, ती साबण लावून धुऊन द्यायची.

माझ्या स्वतःच्या पेन्सिली मात्र रोज सकाळी तीच करून ठेवायची. सुईसारखं टोक. मी उठायच्या आत माझ्या कंपासपेटीत तीन पेन्सिली ओळीने तयार. वर्गातल्या मुली हेवा करायच्या. अशी ती होती. मला पाण्याची भीती वाटते म्हटल्यावर बेचाळिसाव्या वर्षी स्वतः पोहायला शिकली, निम्मा तलाव पिऊन घेतला आणि मग मला हाताला धरून पाण्यात उतरवलं. मला कावीळ झाली तेव्हा रोज मधल्या सुट्टीत पंचवीस मिनिटं चालत घरी यायची, औषध पाजायची आणि पंचवीस मिनिटं चालत परत जायची. स्वतःचा डबा खायला तिला वेळ उरायचा नाही. तो संध्याकाळी तसाच्या तसा परत यायचा. तेव्हा तिची माया खोटी होती असं मी म्हणत नाही. पण पेन्सिलीला टोक ती करून द्यायची, म्हणजे बोलायला जे निमित्त लागतं ते एकट्या मलाच मिळालं नाही, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पाचवीला मी तिच्या शाळेत जाणार होते. आदल्या दिवशी ती माझ्या गणवेशाची खालची पट्टी दुमडत बसली होती. टाके वेडेवाकडे.

"उद्यापासून तू माझ्या शाळेत," ती म्हणाली. "एक ठरवून टाकू या. शाळेत मी कुठल्याच मुलाला आपणहून ओळख देत नाही. त्याने हाक मारली तर थांबते, नाही मारली तर पुढे जाते. मी एखाद्याशी थांबून बोलले, की बाकीची म्हणतात, हा डोकेबाईकडे जातो. मग त्या पोराचं काही खरं नसतं. तुझंही तसंच. आधी हाक तू मारायचीस."

"आणि नाही मारली तर?"

"तर मी समजेन, तुला नकोय."

पहिले चार दिवस मी हाक मारली. व्हरांड्याच्या टोकाला ती दिसली की "आई!" म्हणून धावायचे. ती थांबायची, माझी कॉलर नीट करायची. पाचव्या दिवशी वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, घरी पण तपासते का तुझं डोकं? की मागच्या दाराने सोडते?" सगळा वर्ग हसला. वर्गाला हसायला काय लागतं? माझ्या कानशिलांत जाळ झाला.

दुसऱ्या दिवशी आई समोरून आली. हातात किल्ल्यांचा जुडगा. मी हाक मारली नाही. माझी खात्री होती की ती थांबेल. भिंतीवरच्या तक्त्यावरून नजर जाते तशी तिची नजर माझ्यावरून गेली आणि ती पुढे निघून गेली.

त्यानंतर सहा वर्षं, दिवसातून दोनदा तरी, आम्ही त्या व्हरांड्यात समोरासमोर आलो आणि एकमेकींना न ओळखता गेलो. ती समजत होती की मला नकोय. मी समजत होते की तिला नकोय. घरी आलं की सगळं ठीक. गरम पाणी, डबा, अभ्यास. एकदा मैदानावर पडून माझा गुडघा फुटला. रक्त मोज्यात उतरलं. आई वर व्हरांड्यात कठडा धरून उभी होती, मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली नाही, ती खाली आली नाही. खेळाच्या सरांनी उचलून नेलं. संध्याकाळी घरी पोचले तर कापूस, औषध, कोमट पाणी सगळं मांडून तयार. तिने जखम पुसली. "दुखतंय?" म्हणाली. मी "नाही" म्हटलं. झालं, विषय संपला.

शाळा संपली, बाबा गेले, माझं लग्न झालं, तरी ती सवय काही सुटली नाही. फोन मीच करायचा. मी ये म्हटलं की तासाभरात पिशवी घेऊन दारात हजर, पण म्हटलं तर. माझा संसार मोडला तेव्हा मी आठ महिने तिला सांगितलं नाही. तिला कळलेलं होतं. दोन खुर्च्यांपैकी एकीवर धूळ बसलेली तिला दिसत नव्हती होय? ती यायची, कपाट आवरायची, पडदे धुऊन टाकायची, जायची. शेवटी मीच म्हटलं, "आई, माझं मोडलं." ती "हो" म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला.

"तुला माहीत होतं ना? मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

"मी काय तुझ्या त्या खोलीतलं पोर आहे? मी मुलगी आहे तुझी!"

ती म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं."



ती आजारी पडली ती एकदम. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात एकोणीस दिवस होती. समजतंय का काही, हे कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. चौदाव्या दिवशी एक तरुण डॉक्टर छापील कागद घेऊन आले. डावा हात उचला, उचलला. जीभ बाहेर काढा, काढली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आजी, या कोण? ओळखत असाल तर डोळे मिटा."

आईने माझ्याकडे बघितलं. डोळे उघडेच. बघत राहिली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. "आई" म्हणायला काय लागत होतं मला? एक शब्द. पण माझ्या मनात आलं, आज नाही. जन्मभर मीच आधी हाक मारली. आज एकदा, निदान आज, हिने आधी ओळख द्यावी. मी दात आवळून उभी राहिले. डॉक्टर थोडे थांबले, मग कागदावर लिहिलं, 'जवळच्या व्यक्तींची ओळख नाही.' पाच दिवसांनी ती गेली.

महिनाभराने शाळेतून पत्र आलं. शनिवारी अकरा वाजता सभागृहात शोकसभा. आताचे मुख्याध्यापक ती निवृत्त झाल्यावर आलेले, त्यांनी तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं. तिची खोली आता झेरॉक्सची खोली आहे, आणि मागचं दार विटा लावून बंद केलंय, धूळ येते म्हणून.

मी गेले. खोटं कशाला बोलू, रडायला नव्हते गेले. मला बघायचं होतं. माझ्या वाट्याची आई चौतीस वर्षं ज्यांना वाटून दिली गेली, ती दुसऱ्यांची पोरं कशी असतात, किती असतात, एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. कुणीतरी पुढे येऊन "बाईंनी मला सावरलं" एवढं म्हणावं. म्हणजे मी म्हणेन, ठीक आहे, वाया नाही गेलं.

पुढच्या रांगांत खुर्च्या भरायला दोन वर्ग आणून बसवलेले. मग शिक्षक. आणि पार मागे दहा-पंधरा मोठी माणसं, एकमेकांपासून तीन-तीन खुर्च्या सोडून बसलेली. एकाच्या हातात हेल्मेट, एकीच्या मांडीवर कार्यालयाची बॅग. एक बसचालक खाकी कपड्यांत दाराशी उभा. अर्ध्या दिवसाची शाळा, मला वाटलं मुलांना न्यायला आलेले पालक असतील.

मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. बाई अत्यंत शिस्तप्रिय होत्या. बाईंनी सर्व नोंदी टापटीप ठेवल्या. (तिने एकही नोंद ठेवली नव्हती.) बाईंनी ग्रंथालयात असंख्य विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी लावली. म्हणजे ग्रंथपाल कोण आणि आई कोण, हेही त्यांनी कुणाला विचारलेलं नव्हतं. मुलं माना डोलावत होती, त्यांना काय, तास बुडाला होता.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी माईक हातात घेतला आणि माझा तोल गेला.

"माझी आई ग्रंथपाल नव्हती," मी म्हटलं. "ती जिन्याखालच्या खोलीत बसायची. या शाळेत मी सहा वर्षं होते आणि सहा वर्षं तिने मला ओळख दिली नाही. का? तर तिच्याकडे येणाऱ्या मुलांची नावं फुटू नयेत म्हणून. आज ती मुलं कुठे आहेत? स्मशानात आम्ही अकरा जण होतो. अकरा! इथे तिच्या खोलीत गेलेलं एक जरी माणूस असेल तर त्याने हात वर करावा. एक. मला बघू दे."

मागच्या बाजूला खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी वाट बघत होते. आणि शिक्षकांच्या रांगेत एक हात वर गेला.

गणिताच्या बाई होत्या. केस आखूड कापलेले, चष्मा. त्या उभ्या राहिल्या, त्यांच्याच वर्गाची चाळीस पोरं माना वळवून त्यांच्याकडे बघत होती. "मी जायचे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. दर मंगळवारी." मग खाली बसल्या. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. आणि मी? मी जिंकल्यासारखी माईक खाली ठेवून खुर्चीत येऊन बसले. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

बाहेर पडताना फाटकापाशी शिपाईमामा भेटले. तेही कधीचे निवृत्त झालेले, काठी टेकत आलेले. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "ताई, हे काय करून बसलात?"

"काय केलं मी?"

"मागे बसले होते ते कोण वाटले तुम्हाला?"

"पालक."

"पालक कुठले! बाईंचीच सगळी. तुम्ही हात वर करा म्हणालात आणि एकेक उठून गेला. थांबली असती तर शेवटी फुलं वाहून गेली असती बिचारी." ते काठीवर दोन्ही हात ठेवून थांबले. "मी त्या मागच्या दाराशी टाकीवर बसून असायचो. बाईंनी मला एवढंच सांगून ठेवलं होतं, मामा, कुणी बाहेर आलं की आभाळाकडे बघायचं. चोवीस वर्षं आभाळ बघितलं मी. पण म्हणून काही आंधळा नव्हतो. एकूणएक ओळखतो. आणि अजूनपर्यंत एकाचंही नाव तोंडातून काढलेलं नाही. तुम्ही मात्र पाच मिनिटांत वदवून घेतलंत."

मी घरी जाताना स्वतःशी म्हणत होते, म्हातारा आहे, त्याला काय कळतंय.

दहा-बारा दिवसांनी मामाच माझ्या खिडकीवर आले. तक्रार पाण्याची नव्हती. मुलांनी घरी जाऊन सांगितलं होतं. गणिताच्या बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यांनी भर सभेत कबूल केलं. पालकांनी सह्या गोळा करून अर्ज दिला की वरच्या वर्गाला अशी बाई नको. टाळ्या वाजवणाऱ्या मुख्याध्यापकांनी त्यांचा वर्ग काढून घेतला, त्यांना वेळापत्रकं आखायला कार्यालयात बसवलं आणि मानसिक स्वास्थ्य उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा म्हणून पत्र दिलं. तीस वर्षांपूर्वीच्या मंगळवारांसाठी.

मी पत्ता घेऊन त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, बाहेर चपलांचं लाकडी खोकं. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. वर्ग काढून घेतला तरी पोरं वह्या घरी आणून देत होती, चोरून. त्या पेन्सिलीने तपासत होत्या.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

"तू मला अजून ओळखलंच नाहीस ना?" त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही मुठी कानांमागे नेऊन वेण्या ओढल्यासारखं केलं.

ती दोन वेण्यांची मुलगी.

"तूच?"

"मीच. मंगळवारी तिसऱ्या तासाला मी मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि चौथ्या तासाला तुला चिडवायचे. म्हणजे माझा कुणाला संशय यायला नको." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "अकरा वर्षांची होते. घरी जे चाललं होतं ते..." आणि तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

"आईला माहीत होतं? मला चिडवणारी तू, हे?"

"मीच सांगितलं. एकदा रडत रडत सांगितलं, बाई, तुमच्या मुलीला सगळ्यात आधी मी हसले, अजून हसते."

"मग? काय म्हणाली ती?"

"काही नाही. पेन्सिलींचा डबा पुढे सरकवला. मी त्या दिवशी बाराच्या बारांना टोक केलं. मग बोलले. घरातलं पहिल्यांदा बोलले ते त्या दिवशी."

माझ्या डोळ्यांसमोर आमची दगडी पायरी आली. त्या बारा पेन्सिलींची टोकं आदल्या संध्याकाळी मीच घासून मोडली होती. आई बाजूला बसून माझे काळे हात धुवायला पाणी घेऊन थांबली असेल. आणि दुसऱ्या दिवशी तिला कळलं की आपल्या मुलीचा छळ कोण करतंय, आणि तिने तो डबा त्या मुलीच्या पुढे सरकवला. संध्याकाळी घरी येऊन मला डबा दिला. आणि काही बोलली नाही. त्या क्षणी ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवली असती. अगं, मला सांगायचंस. नाव नको, नुसतं जवळ घेऊन म्हणायचंस, मला माहीत आहे.

"हात का वर केलास?" मी शेवटी विचारलं. "बाकीचे गेले की उठून."

"तू उभी होतीस ना तिथे. एक माणूस दाखवा म्हणत. तुझ्यावर हसताना मला कुणी थांबवलं नव्हतं, मग आता कोण थांबवणार?" ती वहीकडे बघत होती. "बाई असत्या तर त्यांनी मला तो हात वर करू दिला नसता."

निघताना तिने मला दाराशी थांबवलं. "दुसऱ्या एका शाळेत विचारलंय मी. लांब आहे, पण बरी आहे. तिथे कुणाला काही माहीत नाही. एक करशील? बाहेर कुठे भेटलो तर मला ओळखू नकोस. तुझी ओळख निघाली की बाईंची निघणार, आणि मग सगळंच निघणार. मी हाक मारली तर गोष्ट वेगळी."

मी हो म्हटलं.

चार महिने झाले असतील. एका सकाळी खिडकीवर रांग लागलेली. तीन-चार जणांच्या मागे ती दिसली. सोबत एक पोक्त बाई होत्या, नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका असाव्यात. शाळेच्या टाकीत आठ दिवस पाणी चढत नव्हतं. त्यांचा नंबर आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हीच बोला हो, तुम्हाला सगळं नीट सांगता येतं." ती खिडकीशी आली. आमच्यात हातभर अंतर.

तिने माझ्याकडे बघितलं. बरी दिसत होती. मला विचारायचं होतं, वर्ग मिळाला का, पोरं ऐकतात का, घर लांब पडतं का. तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "नाव सांगा."

तिने नाव सांगितलं. मी जन्मात ऐकलं नसल्यासारखं ते लिहून घेतलं, एक अक्षर मुद्दाम पुन्हा विचारलं. तक्रार लिहिली. क्रमांक फाडून दिला. तिने तो घेतला आणि क्षणभर तिथेच थांबली. तिने हाक मारली असती तर मी खिडकी बंद करून बाहेर आले असते. तिने हाक मारली नाही. मी नजर तिच्या कपाळावर ठेवली, तिच्यावरून पलीकडे नेली आणि म्हटलं, "पुढचे."

त्या गेल्या. पुढचे गृहस्थ काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. माझी मान आखडून गेली होती, टेबलाखाली हाताची मूठ इतकी आवळली होती की पेनाचं टोपण तळव्यात रुतलं होतं. एवढा जोर लागतो याला. मी एकदा केलं, आणि एका परक्या बाईसाठी. आई सहा वर्षं, दिवसातून दोनदा, पोटच्या पोरीसाठी करत होती.

आणि मग मला तो दवाखाना आठवला. बाहेरून बघणाऱ्याला माझा चेहरा आत्ता कसा दिसला असेल, ते मला कळलं. कोरा. काहीच ओळख नसलेला. तिचाही तसाच होता, आणि डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती आणि थांबली होती. जन्मभर जशी थांबायची तशीच. डॉक्टरांनी कागदावर चुकीचं लिहिलं, त्यांना आमच्या घरची रीत काय माहीत? ते चूक आहे हे सांगू शकेल असं एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि ते दात आवळून पलंगाच्या पायथ्याशी उभं होतं.